वहिनींना पाठवा

भोंग्याच्या पोटात दुखायला लागलं ते एका फोनमुळे. खरंच पोट दुखलं असतं तर बिचाऱ्याने गोळी घेऊन वेळ मारून नेली असती, पण हे दुखणं वेगळं होतं आणि कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं.

आधी भोंग्या कोण ते सांगतो. गाड्यांना चोरीचे अलार्म बसवायचं त्याचं दुकान होतं. पुढे शटर, मागे घर. नवा सायरन आला की तो दणदणीत वाजवून बघितल्याशिवाय याला चैन पडायचं नाही, म्हणून अख्ख्या गल्लीने त्याचं नाव भोंग्या ठेवलं होतं. काम मात्र त्याला येत होतं, उगाच खोटं कशाला बोला! विनाकारण बोंबलणारी गाडी आली की तो आधी बॅटरीच्या तारा आवळायचा, मग बॉनेटखालचं बटण बघायचा, मग दारांची बटणं, आणि शेवटी डॅशबोर्डखाली हात घालून धक्क्याच्या सेन्सरचा स्क्रू फिरवायचा. तो स्क्रू उजवीकडे फिरवला की सेन्सर हळवा होतो, शेजारून मांजर गेलं तरी ओरडतो. डावीकडे फिरवला की निबर होतो, लाथ घातली तरी गप्प. हळवा आणि निबर यांच्या मधली नेमकी जागा सापडली की काम झालं.

हे सगळं त्याने बायकोला शिकवलं. स्वतःच्या हाताने आणि मोठ्या कौतुकाने शिकवलं. ती दुकानात बसून कंटाळते, शिकली तर आपल्यालाही मदत, एवढाच साधा विचार. सुरुवातीला गिऱ्हाइकांसमोर मुद्दाम हाक मारायचा, "अगं, दाखव बरं साहेबांना, सेन्सर कुठे असतो ते." ती दाखवायची, गिऱ्हाईक "अरे वा!" म्हणायचं आणि भोंग्याची छाती फुगायची. शिकवलं कुणी? यानेच ना!

ती शिकली, आणि बघता बघता तरबेज झाली. इथेच घोटाळा झाला.

त्या गल्लीच्या टोकाला दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. डॉक्टरांची गाडी दवाखान्यासमोर उभी असायची आणि रोज भर दुपारी, आजूबाजूला चिटपाखरू नसताना, एकदम किंचाळायला लागायची. भोंग्याने तिच्यापुढे हात टेकले होते. बॅटरीच्या तारा आवळून झाल्या, बॉनेटचं बटण बदलून झालं, सायरनच नवा घालून झाला. धक्क्याचा सेन्सर तर त्याने इतका डावीकडे पिळला की चोराने गाडी ढकलत नेली असती तरी तो जागा झाला नसता. तरी दुपार झाली की गाडीचा ठणाणा सुरू.

आणि मग तो फोन आला. भोंग्यानेच उचलला. डॉक्टर म्हणाले, "दादा, तुम्ही खूप केलंत, पण आता असं करा, वहिनींना पाठवा."

"तिला काय जमणार, डॉक्टर?" भोंग्या हसला. हसू कसलं ते, नुसते दात दाखवले.

"अहो, त्या समोरच्या बेकरीवाल्याची गाडी त्यांनीच बरी केली ना? तोच म्हणाला, वहिनींना पाठवा म्हणा."

म्हणजे गावभर झालं होतं! याला पत्ताच नाही! भोंग्याने फोन ठेवला आणि बायकोला म्हणाला, "जा, तुला बोलावलंय." 

ती गेली, आणि काय केलं तिने? काहीच नाही. गाडीला हातसुद्धा न लावता दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिली. डॉक्टरांना म्हणाली, मला आधी तिला ओरडताना बघू दे. ऊन डोक्यावर आलं, वारा सुटला, आणि गाडी किंचाळली. ही उठून काचेला नाक लावून बघते तर काय, डॉक्टरांनी खिडकी बोटभर उघडी ठेवलेली. औषधांचा वास जावा म्हणून रोजच ठेवायचे. डॅशबोर्डवर कागदी रुमालांचा डबा, आणि डब्यातून वर आलेला रुमाल वाऱ्यावर फडफडतोय. आत बसवलेला दुसरा सेन्सर, हालचाल टिपणारा, त्याला बिचाऱ्याला वाटायचं आत माणूस घुसला. तिने खिडकी लावली, डबा कप्प्यात टाकला, आणि नवऱ्याने पिळून निबर केलेला धक्क्याचा सेन्सर पुन्हा जागेवर आणून ठेवला. झालं! दुसऱ्या दिवसापासून गाडी शहाण्यासारखी गप्प.

ती घरी येऊन हे सगळं इतक्या आनंदाने सांगत होती, की कुणीही माणूस शाबास म्हणाला असता. भोंग्याची आई तर लगेच म्हणालीच, "हिच्या हाताला गुण आहे हो. हा नुसता आवाज करतो."

"आई, तू गप्प बस," भोंग्या म्हणाला.

"मी काय वाईट बोलले? तुझीच बायको आहे ना, का शेजाऱ्याची?"

भोंग्या ताटावरून उठला. कागदी रुमाल! इतके दिवस आपण गाडीच्या पोटात हात घालतोय, आणि कारण काय, तर कागदी रुमाल! आणि ते कुणाला दिसलं, तर जिला परवापर्यंत पक्कड कशी धरायची ते माहीत नव्हतं तिला! त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. त्याहून वाईट म्हणजे तिने त्याचा स्क्रू फिरवला होता. त्याने लावलेला स्क्रू, न विचारता!

त्यानंतर फोनची रांगच लागली. वहिनी आहेत का? वहिनी कधी येतील? घाई नाही, वहिनी आल्या की सांगा. एक जण तर गाडी घेऊन दुकानाच्या दारात आला, भोंग्याला समोर बसलेला बघितला, आणि "मग नंतर येतो" म्हणून निघून गेला. आता सांगा, माणसाने काय करावं? हसून सोडून द्यावं, हे तुम्ही आम्ही म्हणू. पण ज्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्यात त्याला विचारा.

वर टॅक्सीवाल्या बाईंचं प्रकरण झालं. बाईंच्या मालकीच्या टॅक्सी होत्या, चांगला मोठा ताफा, आणि सगळ्यांचे अलार्म वेळीअवेळी बोंबलत असायचे. बाई स्वतः दुकानात आल्या, भोंग्याने खुर्ची पुढे केली, आणि बाई खुर्चीत बसून भोंग्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत त्याच्या बायकोला म्हणाल्या, "माझ्या सगळ्या गाड्या तुम्ही बघायच्या. कायमच्या. आमच्या आवारात तुम्हाला वेगळी खोली देते, तुमच्या नावाची पाटी लावते. विचार करा आणि या आठवड्यात सांगा."

ती लाजली. "यांना विचारून सांगते," म्हणाली आणि भोंग्याकडे बघितलं. तिचे डोळे असे चमकत होते की लग्नातसुद्धा चमकले नसतील. पाटी! तिच्या नावाची! भोंग्याच्या दुकानावर अजून धड पाटी नव्हती, सायरनच्या खोक्याचा पुठ्ठा टांगलेला होता.

"बघू," भोंग्या म्हणाला.

'नको' म्हणाला असता तर एक वेळ बरं झालं असतं. पण नको म्हणायला तोंड कुठे होतं? कारण काय सांगणार? सगळे मलाच नावं ठेवतील, म्हणतील बायकोचं बरं झालेलं याला बघवत नाही. आणि बघवत नव्हतंच की! पण ते लोकांनी म्हणायला नको होतं.

अशात एका सकाळी डॉक्टर गाडी घेऊन दुकानात आले. मागचा दिवा लागत नव्हता. बायको सासूला डोळे तपासायला घेऊन गेली होती. डॉक्टर किल्ली ठेवून दवाखान्यात निघून गेले. भोंग्याने दिव्याची तार जोडली, दिवा लागला, काम संपलं. किल्ली नेऊन द्यायची, एवढंच राहिलं होतं.

पण तो चालकाच्या सीटवर बसला. उगाच. मग वाकला. उगाच. डॅशबोर्डखाली हात घातला, आणि बोटांना तो स्क्रू लागला. स्क्रूवर रंगाचा टणक ठिपका होता. ही त्याच्याच दुकानाची पद्धत. सेन्सर एकदा जागेवर बसला की स्क्रूवर नेलपॉलिशचा एक थेंब सोडायचा, म्हणजे गाडीच्या हादऱ्यांनी तो फिरत नाही. तिलाही त्यानेच शिकवलेलं. भोंग्याने तो ठिपका खरवडला आणि स्क्रू उजवीकडे फिरवला, फिरवत गेला, पुढे जाईना तोपर्यंत फिरवला.

आणि मग, हात तो हात! इतक्या वर्षांची सवय. स्क्रू फिरवला आणि उघडा सोडला, असं त्या हाताने जन्मात कधी केलं नव्हतं. भोंग्याने दुकानातली लाल नेलपॉलिशची बाटली घेतली आणि स्क्रूवर व्यवस्थित एक थेंब सोडला. फुंकर घालून वाळवलासुद्धा. मग किल्ली नेऊन दिली आणि शीळ घालत घरी आला.

त्यानंतर त्या गाडीने जो धिंगाणा घातला, विचारू नका. ट्रक गेला, ओरडली. समोरच्याने दार आपटलं, ओरडली. कुणी जोरात शिंकलं असतं तरी ओरडली असती. शेवटी एकदा डॉक्टर एका पेशंटच्या तोंडात बोट घालून किडकी दाढ चाचपत असताना गाडी अशी काही किंचाळली, की पेशंट दचकला आणि त्याने जबडा मिटला. डॉक्टरांचं बोट आत होतं.

डॉक्टर बोटाला हे एवढं मोठं बँडेज बांधून दुकानात आले. दुकानात भोंग्या होता, ती होती, आणि बसलेली दोन गिऱ्हाइकं होती. डॉक्टर भला माणूस, ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "वहिनी, रागावू नका, पण तुम्ही तो सेन्सर हलवलात, चार दिवस बरे गेले, आणि मग... जाऊ दे. यापुढे दादांनाच बघू द्या."

आहाहा! भोंग्याच्या कानात साखर पडली. "बघतो हो डॉक्टर, मी बघतो," तो म्हणाला, "शिकतेय अजून ती. होतं असं." आणि वर तिच्या पाठीवर हात ठेवला. निर्लज्जपणाची कमाल बघा!

 तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. दोन्ही गिऱ्हाइकं खाली बघत बसली, आणि त्यातलं एक तिच्यासाठीच थांबलेलं होतं, ते उठून भोंग्याजवळ जाऊन बसलं. तिने आपला स्क्रू-ड्रायव्हर पुसला, भोंग्याच्या पेटीत ठेवला आणि आत निघून गेली.

त्या दिवसापासून ती दुकानात आली नाही. भोंग्या खूश होता. फोन आता त्याच्यासाठी येत होते. जेवताना तो दोन घास जास्त खायचा. टॅक्सीवाल्या बाईंचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "नाही जमणार मला. माझ्या हातून चूक झाली, डॉक्टरांचं बोटच गेलं असतं." बाई पलीकडून काहीतरी बोलत राहिल्या, ही "नाही हो, नाही" करत राहिली. भोंग्या भिंतीला कान लावून ऐकत होता. हवं ते मिळालं होतं त्याला. आता गप्प बसायचं होतं, बस्स.

पण घरात काहीतरी बिघडलं होतं. ती चहा ठेवायची आणि गॅसजवळ उभी राहून स्वतःच्या हातांकडे बघत बसायची. चहा उतू जायचा. आई म्हणाली, "हिला काय झालंय रे? भूत बघितल्यासारखी करते." भोंग्या म्हणाला, "होईल बरी." आणि मग एका दुपारी ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मला शिकवाल?" ती म्हणाली.

"काय?"

"माझं कुठे चुकलं ते. मी तो स्क्रू बरोबर जागेवर लावला होता, अशी मला खात्री होती. चारदा ठोकून बघितलं होतं. तरी चुकलं. म्हणजे मला जे बरोबर वाटतं तेच चूक असलं पाहिजे. मग मी कशावर विश्वास ठेवू? चला ना डॉक्टरांच्या गाडीजवळ. मला दाखवा. तुम्हीच शिकवलंय मला, तुम्हालाच कळेल."

भोंग्याने टाळायचा प्रयत्न केला. आज गर्दी आहे म्हणाला, उद्या बघू म्हणाला. ती हलेना. शेवटी पेटी उचलून तो निघाला. मनात म्हणाला, स्क्रू जागेवर आणू, 'जरा जास्त फिरला होता तुझ्याकडून' म्हणू, काम खलास. उलट मोठेपणाच मिळेल.

डॉक्टर वर पेशंट बघत होते. किल्ली घेऊन ही दोघं गाडीत बसली. भोंग्याने डॅशबोर्डखालचं झाकण काढलं आणि टॉर्च लावून तिला दाखवलं. "हा बघ. पार उजवीकडे गेलाय. एवढा नसतो फिरवायचा."

ती वाकून बघत होती. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हा ठिपका लाल आहे."

"मग? आपला लालच असतो."

"आपला लाल असतो. पण त्या दिवशी माझी बाटली सुकलेली निघाली. इथल्या नंबर लावणाऱ्या मुलीकडून मागून घेतली मी. तिची जांभळी होती."

 भोंग्याने टॉर्च विझवला, जणू काही उजेड गेला की ठिपकाही जाईल. खरवडताना रंग बघायचं डोक्यातच आलं नव्हतं त्याच्या. आणि नुसता खरवडून तसाच सोडला असता तर काय बिघडलं असतं? ठिपका उडाला, स्क्रू हलला, कुणाला शंकाही आली नसती. पण नाही! साहेबांना काम नीटनेटकं हवं!

ती त्याच्याकडे बघत होती. तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. तिने त्याच्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर घेतला, लाल ठिपका काढला, स्क्रू डावीकडे आणला, बाहेर येऊन बॉनेटवर हाताने ठोकून बघितलं, पुन्हा आत जाऊन केसभर फिरवला. तिचे हात अजिबात थरथरत नव्हते.

तेवढ्यात डॉक्टर बँडेज सांभाळत खाली आले. "काय, सापडलं का?"

भोंग्याने पेटीचं झाकण लावलं. आता ही सांगणार. डॉक्टरांना सांगणार, मग बेकरीवाल्याला कळणार, मग गल्लीला. संपलो आपण.

"सापडलं, डॉक्टर," ती म्हणाली. "स्क्रू फार उजवीकडे राहिला होता. चूक माझीच. तुमच्या बोटाला लागलं, त्याचं फार वाईट वाटतं."

भोंग्याच्या जिवात जीव आला. पण डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिले, आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला. "अहो वहिनी," ते म्हणाले, "चूक अशी तोंडावर कबूल करणारी माणसं राहिलीत कुठे? त्याला मन मोठं लागतं. नाही, मी माझे शब्द परत घेतो. माझी गाडी इथून पुढे तुम्हीच बघायची. दादा, नशीबवान आहात!"

हद्द झाली! भोंग्याच्या डोक्यात एकदम जाळ उठला. पाप केलं याने, आणि त्या पापावरही शाबासकी तिला! चांगलं काम केलं तरी तीच मोठी, वाईट काम दुसऱ्याने केलं तरी तीच मोठी! एवढंसुद्धा याच्या वाट्याला येऊ नये?

"तिचं काही चुकलं नाही!" तो ओरडला. आवाज असा निघाला की दवाखान्याच्या खिडकीतून दोन पेशंट डोकावले. "मी केलं! मी फिरवला तो स्क्रू, मुद्दाम फिरवला! तिने बरोबर लावला होता. कसलं मन मोठं? ती खोटं बोलतेय!"

डॉक्टरांनी एकदा भोंग्याकडे बघितलं, एकदा आपल्या बोटाकडे. "म्हणजे हे..."

"तेही मीच."

 डॉक्टरांनी तिच्या हातून किल्ली घेतली, भोंग्याकडे पाठ केली आणि जिना चढून वर गेले.

ती दोघंच उरली. ती पायरीवर बसली, त्याच पायरीवर. भोंग्या उभाच राहिला.

"का केलंत?" तिने विचारलं.

"मला बघवत नाही," भोंग्या म्हणाला. आता लपवायचं तरी काय होतं? "जो येतो तो तुझं नाव घेतो. वहिनी, वहिनी, वहिनी. माझ्या पोटात दुखतं. शिकवलं मी, आणि मलाच कुणी विचारत नाही. जळतो मी तुझ्यावर. झालं समाधान?"

तिला रडू येईल असं त्याला वाटलं. आलं नाही. ती म्हणाली, "एकदा तोंडाने म्हणायचं होतंत हो. घरी बस, एवढंच म्हणाला असतात तर मी त्याच दिवशी पक्कड खाली ठेवली असती. वाईट वाटलं असतं, पण तुमच्यासाठी ठेवली असती. तुम्ही मला माझ्याच हातांची भीती घातलीत. मी रोज हात बघत बसायचे, की यांना झालंय काय."

'मग आता बस की घरी', हे शब्द अगदी ओठांवर आले होते भोंग्याच्या. माणूस किती जळका असावा! पण तिच्याकडे बघितलं आणि त्याने ते गिळले.

तिने पर्समधून फोन काढला, नंबर लावला आणि उठून उभी राहिली. "बाई, मी बोलतेय. परवा नाही म्हणाले ते विसरा. हो, येते. उद्यापासून येते." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तिने भोंग्याकडे बघितलं, त्याच्या हातातल्या पेटीकडे बघितलं, आणि मग तोंड फिरवून रस्त्याकडे बघत म्हणाली, "नाही, ते नाही येणार. मी एकटीच येईन."